झाडाला बांधलेली होडी : बीगल चॅनेलमधील आठ दिवस

मुंबई बंदरात नांगर टाकताना फारसा विचार करावा लागत नाही. गेटवेपासून मांडव्यापर्यंत तळाशी बहुतेक ठिकाणी मऊ गाळ आहे. नांगर त्यात रुततो, साखळी ताणली जाते आणि भरती-ओहोटीच्या पालटाबरोबर होडी आपले तोंड फिरवून घेते. कुलाब्याला शिडाची होडी चालवायला शिकून मला बारा वर्षे झाली, पण त्या बारा वर्षांत नांगर टाकल्यावर मी पुन्हा त्याच्याकडे वळून पाहिल्याचे आठवत नाही. त्यामुळे गेल्या जानेवारीत दक्षिण चिलीतील बीगल चॅनेल या सामुद्रधुनीत, हिमनद्यांनी कोरलेल्या अरुंद खाड्यांमध्ये (फ्योर्डमध्ये) ज्या होडीवर आम्ही राहणार होतो, तिच्या फ्रेंच कप्तानबाईंनी आधी पाठवलेल्या सूचनांत ‘शिडांचे काम कमी, दोरांचे जास्त’ असे वाचले, तेव्हा मला ते थट्टेने लिहिलेले वाटले.

आम्ही तिघे होतो : मी, माझा धाकटा भाऊ आणि वेसाव्याचे आमचे नाखवा. नाखव्यांनी तीस वर्षे स्वतःची मासेमारीची होडी चालवली आणि आता ती मुलाच्या हाती सोपवली आहे. बर्फात होडी कशी उभी करतात ते पाहायचे, एवढ्या एका कारणासाठी त्यांनी वयाच्या साठाव्या वर्षी पहिल्यांदा पासपोर्ट काढला.

मुंबईहून सांतियागो, तेथून पुंता अरेनास आणि मग छोट्या विमानाने पुएर्तो विल्यम्स असा तीन दिवसांचा प्रवास झाला. त्याबद्दल सांगण्यासारखे एवढेच, की चिलीत बाहेरून येणाऱ्या खाद्यपदार्थांविषयी अतिशय कडक नियम आहेत आणि सोबत जे काही असेल ते अर्जावर लिहून द्यावे लागते. नाखव्यांनी घरून बांधून आणलेले सोडे आणि सुका जवळा मी सहार विमानतळावरच त्यांच्या मुलाच्या हाती परत दिला, त्याचा राग त्यांनी सांतियागोपर्यंत धरला. दळलेला कोळी मसाला आणि थालीपिठाची भाजणी मात्र आम्ही रीतसर जाहीर केली. तपासनीस बाईंनी मसाल्याची पिशवी उघडून नाकाजवळ नेली, दोनदा शिंकल्या आणि हसून जाऊ दिले.

पहिला दिवस : पुएर्तो विल्यम्स

नावारिनो बेटावरचे हे गाव ५४ अंश ५५ मिनिटे दक्षिण अक्षांशाच्या आसपास आहे. १९५३ साली चिलीच्या नौदलाने ते वसवले, आणि २०१९ मध्ये त्याला शहराचा दर्जा मिळाला. वस्ती मात्र दोन-अडीच हजारांच्या घरात असल्यामुळे आपल्याकडच्या मोठ्या गृहसंकुलातसुद्धा याहून अधिक माणसे राहत असतील. पत्र्याची रंगीत घरे, प्रत्येक अंगणात जळणाच्या लाकडांची उतरंड, रस्त्यावर निवांत झोपलेली कुत्री आणि मागे दिएंतेस दे नावारिनो नावाचे सुळके. दिएंतेस म्हणजे दात, आणि ते खरोखरच पडके दात असल्यासारखे दिसतात.

होड्या जिथे बांधतात तो धक्का म्हणजे मिकाल्वी नावाचे एक जुने जहाज आहे. १९२५ साली जर्मनीत बांधलेले हे जहाज पुढे चिलीच्या नौदलात आले, निवृत्त झाल्यावर इथल्या उथळ खाडीत तळाला टेकवले गेले, आणि आता थोडे कललेल्या अवस्थेत यॉट क्लब म्हणून उभे आहे. त्याच्या कुशीला एकीला एक लावून आठ-दहा होड्या बांधलेल्या होत्या, त्यांत तिसरी आमची : पंधरा मीटर लांबीची, पोलादी, जागोजागी रंग उडालेली. नाखव्यांनी तिच्या अंगावर दोन ठिकाणी बोटाने टकटक केले आणि मान डोलावली. डेकवर मात्र ते थबकले, कारण मागच्या बाजूला मोठाल्या रिळांवर प्रत्येकी शंभर मीटरचे चार दोर गुंडाळलेले होते. ‘‘एवढ्यात आमची अख्खी डोल उभी राहील,’’ असे ते म्हणाले. डोल म्हणजे कोळ्यांचे मोठे जाळे.

दुपारी कप्तानबाई नौदलाच्या कार्यालयात कागदपत्रे करायला गेल्या. इथे प्रत्येक होडीला जाण्या-येण्याच्या मार्गाची परवानगी घ्यावी लागते आणि पुढे सकाळी आठ व रात्री आठ वाजता आपला ठावठिकाणा कळवावा लागतो. तेवढ्या वेळात आम्ही गावातील संग्रहालय पाहिले, आणि या सगळ्या प्रवासाची किल्ली मला तिथेच मिळाली असे आता वाटते. या खाड्यांतून हजारो वर्षे फिरणारे यागान लोक झाडाच्या सालीच्या होड्यांत राहत आणि होडीच्या मधोमध मातीच्या थरावर विस्तव जिता ठेवत. १५२० साली मॅगेलनच्या माणसांना किनाऱ्यावर ज्या आगी दिसल्या, त्यांवरून या प्रदेशाला ‘अग्निभूमी’ हे नाव पडले. पुरुष भाल्याने शिकार करी आणि वल्हे बाईच्या हाती असे. मुक्कामाला पोचल्यावर माणसे व विस्तव किनाऱ्यावर उतरवून बाई होडी पुन्हा आत नेई, पाण्यात वाढणाऱ्या केल्प नावाच्या जाड समुद्रशैवालाच्या वेलींना ती बांधी आणि त्या गारठलेल्या पाण्यातून पोहत परत येई. पोहणे बहुधा बायकांनाच येत असे. नांगराची जागा शैवालाने घेतलेली! यागान भाषा मातृभाषा म्हणून बोलणाऱ्या शेवटच्या व्यक्ती, क्रिस्तिना काल्देरोन, याच गावाच्या कडेला उकिका वस्तीत राहत होत्या आणि २०२२ च्या फेब्रुवारीत वयाच्या ९३ व्या वर्षी गेल्या.

‘‘बाईने बांधायची आणि बाईनेच सोडायची,’’ नाखवा माझ्याकडे पाहत म्हणाले. ‘‘बघा ताई, तुमचं काम ठरलं.’’

दुसरा दिवस : कालेता ओया

पहाटे चारला निघालो. जानेवारीत इथे रात्री दहापर्यंत उजेड राहतो आणि चारला पुन्हा फटफटू लागते, त्यामुळे एवढ्या लवकर उठण्याचे दुःख होत नाही, थंडीचे होते. लवकर निघण्याचे कारण वारा. या अक्षांशांवर पृथ्वीभोवती जवळपास सलग समुद्र आहे, पश्चिमेचा वारा त्यावरून मोकळा धावत येतो आणि वाटेत अँडीजचे शेपूट तेवढे त्याला आडवे येते. आम्हाला जायचे होते पश्चिमेलाच. सकाळी वारा निजलेला असताना इंजिनावर जितके अंतर कापता येईल तितके कापायचे, ही इथली रीत आहे, आणि तेवढ्यासाठी शिडांचा अभिमान बाजूला ठेवावा लागतो.

उजव्या हाताला अर्जेंटिनातील उश्वायाचे दिवे मागे पडले. पीलचे डॉल्फिन अर्धा तास नाळेपुढे, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकासमोर, खेळत होते. दहाच्या सुमारास वाऱ्याने तोंडावर चापट मारायला सुरुवात केली, पाऊस आला, त्यामागून ऊन आले, मग गारा आणि पुन्हा ऊन. माझा भाऊ खाली जाऊन आडवा झाला तो संध्याकाळीच उठला. मळमळीची गोळी मळमळ सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नसतो, ती निघण्याच्या तासभर आधी घ्यावी, हे त्याला मी सांगितले होते, पण धाकट्या भावांना थोरल्या बहिणीचे पटायला समुद्र लागतो.

सुमारे पन्नास सागरी मैलांनंतर दुपारी दोनला कालेता ओयात शिरलो. कालेता म्हणजे लहानशी खाच किंवा कोंड. इथे मला त्या चार दोरांचा अर्थ कळला. हिमनदीने कोरलेल्या या दऱ्यांच्या भिंती पाण्याखालीही तशाच सरळ उतरतात. किनाऱ्यापासून होडीच्या दोन लांबींवर खोली पन्नास मीटर असू शकते आणि तळ बहुतेक खडकाळ असतो. नांगर टाकून होडी गोल फिरू द्यायला जागाच नसते. त्यात डोंगरावर साठलेली थंड, जड हवा मधूनच दरडीसारखी खाली कोसळते. या झोतांना स्पॅनिशमध्ये राचा आणि खलाशांच्या इंग्रजीत विलिवॉ म्हणतात, आणि ते कोणत्या दिशेने येतील याचा नेम नसतो. म्हणून नाळेवरून नांगर टाकायचा, होडी उलटी मागे घेत थेट झाडांच्या सावलीपर्यंत न्यायची आणि मागून दोन किंवा चार दोर किनाऱ्यावरच्या झाडांना बांधायचे. जाळ्यातल्या कोळ्यासारखी मध्यभागी होडी. (ही उपमा मी बोलून दाखवली तेव्हा वेसाव्याचे कोळी बराच वेळ हसत होते.)

जागा कशी निवडायची हेही कप्तानबाईंनी दाखवले. नकाशापेक्षा त्या झाडांकडे जास्त पाहतात. जिथे कोइगे आणि लेंगाची झाडे सरळ, उंच, शेंड्यापर्यंत पानांनी भरलेली आहेत तिथे वारा पोचत नाही. जिथे ती एका बाजूला विंचरल्यासारखी झुकली आहेत तिथे कितीही सुंदर दिसले तरी रात्र काढायची नाही.

तिसरा दिवस : ओलांडा हिमनदीकडे

ओयाहून पायी वर गेल्यास ओलांडा, म्हणजे ‘हॉलंड’ हिमनदीचे दर्शन होते. ती समुद्रापासून मागे सरली असून तिच्या पायथ्याशी आता तळे आहे. वाट अशी नाही. पीट म्हणतात त्या कुजक्या शेवाळाच्या स्पंजातून घोट्यापर्यंत रुतत, मधूनमधून बीव्हरांनी पाडलेल्या झाडांवर चढत जावे लागते. हा प्राणी इथला नव्हे. १९४६ साली फरसाठी उत्तर अमेरिकेतून आणून त्यांच्या काही जोड्या अर्जेंटिनाच्या बाजूला सोडल्या, त्यांना खाणारे इथे कोणी नव्हते, आणि आता त्यांची धरणे साऱ्या द्वीपसमूहात आहेत. उत्तर अमेरिकेतील काही झाडे कुरतडल्यावर बुंध्यातून पुन्हा फुटतात, इथली बहुतेक फुटत नाहीत. त्यामुळे प्रत्येक धरणामागे राखाडी, मेलेल्या खोडांचे एक स्मशान उभे राहिले आहे. धरण मात्र इतके नेटके बांधलेले होते की नाखवा त्यावर उकिडवे बसून बराच वेळ फांद्यांचे विणकाम तपासत राहिले.

कालाफातेची जांभळी बोरे नुकती पिकू लागली होती. ती खाणारा पॅटागोनियात परत येतो अशी समजूत आहे. चव साधारण कच्च्या करवंदाची, बिया फार.

परतताना ओहोटी होती आणि खडक शिंपल्यांनी लगडले होते, एकेक तळहाताएवढा. नाखव्यांनी टोपी काढून भरायला घेतली तेव्हा डेकवरचा चिलियन पोऱ्या हातवारे करत धावत आला. या खाड्यांत ‘लाल भरती’ येते : सूक्ष्म शैवालांचे विष शिंपल्यांत साठते, ते शिजवूनही जात नाही आणि त्याने श्वास बंद पडून माणूस मरू शकतो. पाण्याचा रंग बदललेला असेलच असेही नाही. ही सूचना कोणीही हलकी समजू नये. नाखव्यांनी एकेक शिंपला परत खडकावर ठेवला. ‘‘एवढं ताट वाढलेलं आणि जेवायचं नाही,’’ असे म्हणून ते होडीवर आले, केल्पच्या कडेला गरी टाकून बसले आणि तासाभरात चार रोबालो काढले. (मासेमारीचा परवाना आम्ही आधी काढला होता; तो काढावा.) कोळी मसाल्याचे कालवण आणि गरम भात. कप्तानबाईंनी तिसऱ्यांदा वाढून घेतले आणि डोळे पुसत मसाल्याची पिशवी स्वतःच्या कप्प्यात ठेवून दिली.

चौथा दिवस : सेनो पीया

ओयाच्या पुढे गॉर्दोन बेटामुळे चॅनेलचे दोन फाटे होतात. वायव्येच्या फाट्यात उत्तर किनाऱ्यावर डार्विन पर्वतरांगेवरून एकामागून एक हिमनद्या उतरतात : इतालिया, फ्रान्सिया, अलेमानिया अशी युरोपीय देशांची नावे, आणि रोमान्श, जिला १८८२-८३ च्या फ्रेंच मोहिमेच्या जहाजाचे नाव आहे. रोमान्शच्या पोटातून एक दणदणीत धबधबा थेट खाली पडतो. त्या दिवशी वारा नव्हता. पाणी खडू कालवल्यासारखे दुधी-हिरवे होते, कारण हिमनदी खडक दळून त्याचे पीठ सोबत आणते. या सबंध किनाऱ्यावर एक घर नाही.

सेनो पीयाच्या तोंडाशी पोचलो तेव्हा खोली दाखवणारा आकडा झरझर उतरू लागला. ‘‘दांडा आहे,’’ नाखवा न विचारता म्हणाले. आपल्या खाड्यांच्या मुखाशी वाळूचा दांडा असतो, तसा इथे दगडगोट्यांचा होता. हिमनदी एके काळी इथवर होती आणि तिने पुढे ढकलत आणलेला राडारोडा तिच्या नाकाशी साचून राहिला. तो ओलांडला की पुन्हा अथांग. कप्तानबाईंनी इंजिन अगदी मंद केले, कारण आता पाण्यावर बर्फ होता. मोठे तुकडे दिसतात, त्यांची भीती नसते. घातक असतात ते काचेसारखे पारदर्शक, जेमतेम पाण्याबाहेर डोकावणारे, टेबलाएवढे ढेकूळ. भाऊ आणि नाखवा नाळेवर लांब काठ्या घेऊन उभे राहिले आणि एकेक ढेकूळ बाजूला लोटू लागले. हवेत तळणीसारखा तडतड आवाज येत होता. बर्फात शतकानुशतके दाबून राहिलेली हवा बुडबुड्या-बुडबुड्याने सुटत होती.

कालेता बोल्यो या खाचेत चारही दोर बांधायचे ठरले. किनाऱ्यावर उतरण्याची माझी पाळी होती. नाखवा डिंगी, म्हणजे होडीवरची छोटी नाव, वल्हवत होते, मागे पिवळा दोर रिळावरून सुटत पाण्यावर तरंगत येत होता. दोर तरंगणारा घेतात, म्हणजे तो इंजिनाच्या पंख्यात किंवा तळच्या खडकात अडकत नाही. खडक साबण लावल्यासारखा होता. मी गुडघ्यांवर चढले, ओल्या काटेरी झुडपांतून वर गेले, आणि शेवाळाने मढलेला एक चांगला मांडीएवढा बुंधा पाहून त्याला दोराचा वेढा देऊन बोलाइन गाठ मारली.

‘‘ताई, ठोकून बघा,’’ खालून नाखवा ओरडले.

‘‘पक्कं आहे हो!’’ मी म्हटले. खरे तर मी ठोकलेच नाही. हातमोजे भिजले होते आणि होडी मागे सरकत होती.

पाचवा दिवस : लाट आणि रात्र

सकाळी डिंगीने हिमनदीच्या जवळ गेलो. जवळ म्हणजे कप्तानबाई नेतील तितकेच. समोर निळी भिंत होती. निळी अशासाठी, की युगानुयुगे दाबला गेलेला बर्फ प्रकाशातला तांबडा भाग गिळतो. उतरल्यावर त्यांनी डिंगी पाण्यापासून पार वर, झुडपांपर्यंत ओढून न्यायला लावली, आणि मोटरसकट ती ओढताना मी मनातल्या मनात बरीच कुरकुर केली.

चहा घेताना त्यांनी कारण सांगितले. २९ जानेवारी १८३३ रोजी बीगल जहाजाच्या लहान होड्या घेऊन कॅप्टन फिट्झरॉय आणि तरुण डार्विन याच वायव्य फाट्यात आले होते आणि हिमनदीपासून साधारण अर्ध्या मैलावर किनाऱ्याला जेवत बसले होते. समोरचा कडा कोसळला आणि लाट आली. होड्या गेल्या असत्या तर त्या ओसाड किनाऱ्यावर सारे अडकले असते. डार्विन आणि दोन-तीन खलाशी धावले आणि त्यांनी त्या धरून ठेवल्या. दुसऱ्या दिवशी फिट्झरॉयने पुढच्या रुंद जलाशयाला ‘डार्विन साउंड’ असे नाव दिले.

गोष्ट संपून दहा मिनिटे झाली असतील. आधी आवाज आला नाही, आधी भिंतीचा एक तुकडा नुसता खाली सरकताना दिसला. मग दूर दारूगोळा उडाल्यासारखा गडगडाट आणि मग बराच वेळ काहीच नाही. फ्योर्डच्या मध्यावरचे बर्फाचे तुकडे ओळीने वर उचलले गेले, तेव्हा लाट येते आहे हे कळले. ती फुटली नाही, नुसती फुगून आली, आम्ही डिंगी आधी जिथे ठेवली होती तो खडक तिने झाकला, आणि मागे फिरताना पोत्याएवढे बर्फाचे गोळे तिथे ठेवून गेली. कप्तानबाई चहा पीत राहिल्या.

दुपारपासून वायुभारमापक उतरू लागला. रात्री आठच्या वर्दीत हवामानाचा इशारा मिळाला. जेवणात भाजणीची थालीपिठे होती, डिझेलच्या शेगडीवर मोजे वाळत होते आणि आम्ही पत्ते खेळत होतो. अकराच्या सुमारास झाडांच्या शेंड्यांतून आगगाडी जावी तसा आवाज आला. होडी हललीसुद्धा नाही. मग दुसरी आणि तिसरी. दोन झोतांमध्ये इतकी शांतता असे की शेगडीतील ज्योत ऐकू येई, आणि तीच शांतता जास्त नकोशी वाटे. नाखवा झोपले नव्हते. ते मधूनमधून वर जाऊन चारही दोरांवर एकेक करून तळहात ठेवून येत. दोर ताठ असेल तर तो हातात गुणगुणतो, असे त्यांचे म्हणणे होते.

दोनच्या पुढे कधी तरी एक झोत उजवीकडून आला. होडीला हिसका बसला आणि ती तिरकी सरकू लागली. नाखवा वरून ओरडले, ‘‘तिसरा मेला!’’ तिसरा दोर माझा होता.

कप्तानबाई पायजम्यावर रेनकोट चढवून बाहेर आल्या आणि त्यांनी इंजिन सुरू करून वाऱ्याच्या अंगाला थोपवून धरले. मोजायला वेळ नव्हता, पण उजेडात मागचा खडक होडीपासून चार हातांवर दिसत होता, आणि सुकाणू त्याच बाजूला होते. झोत ओसरताच नाखवा आणि तो पोऱ्या राखीव दोर घेऊन डिंगीत उतरले. मी विजेरीचा झोत किनाऱ्यावर धरून उभी होते, तेवढेच काम मला दिले होते. पाण्याचे तुषार आडवे उडत होते आणि त्यांतून नाखव्यांची पाठ अधूनमधून दिसत होती, वेसाव्याच्या धक्क्यावर दिसते तशीच, घाई नसलेली. त्यांनी झाडाला हात लावला नाही. त्यांनी एका खडकाच्या सुळक्याला साखळीचा वेढा दिला, म्हणजे धारेवर दोर कापला जाऊ नये, आणि दोर त्या साखळीत अडकवला. पुढचा झोत आला तेव्हा होडी जागच्या जागी शहारली.

सहावा दिवस : अडकून

दिवसभर वारा होता, निघण्याचा प्रश्नच नव्हता. डोलकाठीवरच्या यंत्राने रात्री ५४ नॉटचा, म्हणजे ताशी शंभर किलोमीटरचा आकडा नोंदवला होता.

दुपारच्या उघडिपीत मी किनाऱ्यावर गेले. माझे झाड पाण्यात आडवे पडले होते. शेवाळाच्या आत खोड पोकळ होते, आणि मुळे तर मुळे म्हणण्यासारखी नव्हतीच : खडकावर जेमतेम वीतभर पीट, त्यात ती आडवी पसरलेली, भाकरी थापावी तशी गोल आणि चपटी, सगळीच्या सगळी उचकटून उभी राहिलेली. माझी बोलाइन मात्र जशीच्या तशी होती. कप्तानबाईंना मी कबूल केले की मी ठोकून पाहिले नव्हते. त्या म्हणाल्या, गाठ चांगली बांधली होतीस, आणि पुढच्या वेळी हात काढून ठोक, हातमोज्याला पोकळ कळत नाही. नाखवा काहीच बोलले नाहीत, त्यामुळे मला अधिक वाईट वाटले.

कोणाला इकडे यायचे असेल तर काही गोष्टी याच ठिकाणी सांगते, कारण त्या आम्हाला अशाच बसल्या दिवशी सुचल्या. सुती कपडा एकही आणू नये, तो भिजला की वाळत नाही. लोकरी किंवा कृत्रिम धाग्याचे थर आणि वर पक्का रेनकोट असावा. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट बुटांच्या दुकानातून नव्हे, मासेमारीच्या सामानाच्या दुकानातून घ्यावेत. हातमोज्यांचे तीन जोड लागतात, त्यांतले दोन ओलेच असतात. पुएर्तो विल्यम्स सोडले की फोनला रेंज मिळेल असे धरू नये. परतीचे विमान आणि होडीवरून उतरण्याचा दिवस यांत निदान तीन दिवस मोकळे ठेवावेत. वारा तिकिटाची तारीख वाचत नाही, आणि घाईत असलेल्या प्रवाशासाठी कप्तान निघाली तर ती कप्तान बरी नव्हे. विम्यात दुर्गम भागातून सोडवून आणण्याचा खर्च धरलेला आहे ना, ते छापील मजकुरात स्वतः वाचून घ्यावे.

सातवा आणि आठवा दिवस

परतीला तोच पश्चिमवारा पाठीशी होता. पुढचे एकच लहान शीड उभारून आम्ही धावत सुटलो; साऱ्या प्रवासात शीड मनासारखे चालले ते एवढेच दीड दिवस, आणि सुकाणू माझ्या हाती होते. उजव्या हाताला वाफेच्या बोटीसारखी पाण्यावर पंख आपटत पळणारी, उडता न येणारी बदके होती. ओयात पुन्हा एक रात्र काढली. तिथे मी तीन झाडे हातमोजा काढून ठोकली आणि चौथे पसंत केले. आठव्या दिवशी दुपारी मिकाल्वीच्या कुशीला लागलो, आणि गरम पाण्याच्या अंघोळीनंतर नाखवा सोळा तास झोपले.

मागच्या आठवड्यात वेसाव्याला गेले होते. नाखव्यांचा मुलगा होडी खाडीत उभी करत होता. नांगर गाळात गेला, साखळी ताणली, झाले. चहूकडे चिखल आणि पलीकडे तिवरांची रांग. मी धक्क्यावरून निघणार तेवढ्यात नाखव्यांनी हाक मारली.

‘‘ताई, जाता जाता ते तिवर जरा ठोकून बघा. रात्री वारा आहे म्हणतात.’’